ब्यूडच्या दारात भरतीची वाट

प्रिय ईरा आणि निषाद,

तुम्ही पुण्यात राहून इंग्रजी पुस्तकं वाचता आणि मी लंडनच्या हॅरोत राहून तुम्हाला मराठीत लिहिते, हे जरा उलटंच आहे. तुमचा बाबा म्हणाला, आई, व्हॉइस नोट पाठव, पटकन होईल. मला पटकन व्हायला नकोच आहे. सावकाश वाचा. एखादा शब्द अडला तर बाबाला विचारा. त्यालाही नाही आला तर मला फोन करायला त्याला एक कारण मिळेल.

आम्ही जाऊन आलो ते गाव म्हणजे ब्यूड. इंग्लंडच्या नकाशात खाली डावीकडे पाय लांब केल्यासारखा जो भाग समुद्रात गेलेला दिसतो, तो कॉर्नवॉल. त्या पायाच्या वरच्या कडेला, अटलांटिक समुद्रावर, ब्यूड आहे. उन्हाळ्यात लोक तिथे लाटांवर खेळायला आणि वाळूत पडून राहायला जातात. आम्ही या दोन्हींसाठी गेलो नव्हतो.

आजोबांच्या डोळ्यांचं तुम्हाला अर्धवटच माहीत आहे. डोळ्याच्या आत एक पडदा असतो, त्याचा मधला भाग झिजत चालला आहे. उजव्या डोळ्याचा मध्य गेलाच, डाव्याचा जातो आहे. वसंत ऋतूत डॉक्टरबाईंनी सांगितलं की इंजेक्शनांनी वेग कमी होईल, पण थांबणार नाही. काही खास पाहायचं राहिलं असेल तर या उन्हाळ्यात पाहून घ्या. आजोबांनी स्वतः उभा जन्म हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून काढला. डॉक्टर 'पाहून घ्या' म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको. ते बाहेर आले, काठी चाचपली आणि म्हणाले, "मग ब्यूडला जायचं."

मला वाटलं होतं, दाभोळ म्हणतील. त्यांचं लहानपण दाभोळच्या खाडीकाठी गेलं. पण ते ब्यूडच म्हणाले, आणि का ते मला ठाऊक होतं. आम्ही या देशात नवे होतो तेव्हा ते शेजारच्या डेव्हनमध्ये नोकरीच्या मुलाखतीला गेले होते. नोकरी मिळाली नाही, परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून कुणीतरी त्यांना ब्यूडला फिरवून आणलं. तिथे त्यांनी एक विचित्र गोष्ट पाहिली. शेतांमधून एक कालवा येतो आणि थेट समुद्राच्या वाळूशी येऊन थांबतो. त्याच्या तोंडाशी जाड लाकडी दरवाजांच्या दोन जोड्या आहेत. इथे त्याला लॉक म्हणतात. भरती पुरेशी चढली की बाहेरचं दार उघडतात, बोट समुद्रातून दोन दारांच्या मधल्या हौदात येते, मग बाहेरचं दार लावून आतलं उघडतात आणि बोट गावात शिरते. आजोबांनी पाहिलं तेव्हा ते दार बंद होतं. घरी येऊन मला म्हणाले होते, "समुद्राला दार लावलंय यांनी. ते उघडताना एकदा बघायला हवं." मग ड्यूट्या, घराचे हप्ते, तुमच्या बाबाच्या परीक्षा. बघायचं राहून गेलं.

आता दार उघडताना आणि बोट आत येताना त्यांना पाहायची होती, पाहता येतंय तोवर. मी ठरवलं, ते होणार.

वेळ ठरवताना

मी ब्यूडच्या बंदरात फोन केला. ट्रेसी नावाची बाई होती. ती म्हणाली, हल्ली व्यापारी जहाजं येत नाहीत, हौशी लोकांच्या बोटी येतात, त्याही अधूनमधून. आधी कळवावं लागतं, भरती मोठी लागते आणि समुद्र शांत लागतो. जूनमधल्या पौर्णिमेच्या शनिवारी एक बोट भरतीला आत येणार आहे, पण कसलीही हमी नाही.

भरती कधी, हे मी विचारणार होते. शेजारी बसलेल्या आजोबांनी हात हलवून नको म्हटलं. फोन ठेवल्यावर म्हणाले, "पौर्णिमा आहे ना? मग दुपारी. बाराच्या आसपास."

हे गणित तुम्हाला माहीत असायला हवं. कोकणात समुद्राकाठच्या माणसाला तिथी सांगा, तो तिची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणजे बाराच्या आतबाहेर. आजोबांच्या वडिलांना घड्याळ नव्हतं तेव्हापासून घरात हे चालत आलेलं. मी पुण्याची, मला समुद्राचं काही कळत नाही, पण मला कुठलीही गोष्ट दोनदा तपासायची सवय आहे. इंटरनेटवर भरतीचं वेळापत्रक असतंच. मी फोन हातात घेतलाही होता.

"भरती कधी ते आता मला फोन सांगणार?" आजोबा म्हणाले.

मी फोन खाली ठेवला. गेल्या दोन वर्षांत त्यांची गाडी गेली, पेपर गेला, पत्ते गेले. पाटीवरचं नाव मी वाचून दाखवते, गोळीच्या डबीवरची अक्षरं मी वाचून दाखवते. हे एक गणित डोळ्यांशिवाय चालणारं होतं आणि ते त्यांचं होतं. ते तपासणं माझ्या जिवावर आलं. ठरलं मग, शनिवारी दुपारी बारा.

शुक्रवार: ब्यूड

रेल्वे आणि मग वळणावळणाची बस, एवढं सांगून पुरे. उतरलो तेव्हा ऊन होतं आणि वारा असा की माझी ओढणी दोनदा दुसऱ्याच बाईच्या अंगावर गेली.

आमची खोली कालव्याजवळ होती. घरमालकीण जॅनेट, वयाने माझ्याएवढी, अंगाने माझ्या दुप्पट. तिने दार उघडून आजोबांच्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाली, "या, माय लव्हर, आत या." मी चपापले. नंतर मलाही तेच म्हणाली, आणि दूध आणून देणाऱ्या मिशाळ माणसालाही. त्या भागात कुणालाही तसंच हाक मारतात. कोल्हापुरात अनोळखी माणूस 'भावा' म्हणतो, त्यातला प्रकार. आजोबा मात्र जिना चढताना म्हणाले, "इतकी वर्षं संसार केलास, तू नाही कधी म्हणालीस." मी म्हटलं, पायरी बघा.

संध्याकाळी गावात हिंडलो. कालव्याच्या पाण्यावर बदकं, भाड्याच्या होड्या, काठावर आइस्क्रीम खाणारी कुटुंबं. पलीकडे एक छोटासा किल्ला आहे, तो म्हणे वाळूवरच बांधला आणि तरी उभा आहे. किनाऱ्यावर कड्याखाली खडकांना भिंत घालून एक तलाव केला आहे. भरती आली की समुद्र त्यात नवं पाणी भरून जातो. रंगीत लाकडी खोल्यांची रांग आहे. त्यांत लोक दिवसभर चहाची किटली घेऊन बसतात आणि समुद्राकडे बघतात. आपल्याकडे चौपाटीवर गेलं की काहीतरी खायचं, काहीतरी विकत घ्यायचं, फोटो काढायचे. इथली माणसं नुसतीच बसतात, आणि त्यासाठी खोली भाड्याने घेतात.

खाल्लं आम्हीही. पेस्टी म्हणजे कडेला मुरड घातलेली तळहाताहून मोठी करंजी, फक्त भाजलेली. आम्ही चीज-कांद्याची घेतली. मी पहिला घास घेतला, दुसऱ्या घासाला मागून एक समुद्रपक्षी आला आणि उरलेली घेऊन गेला. आजोबा एवढे हसले की त्यांनी त्यांची अर्धी मला दिली.

मग जॅनेटने चहाबरोबर गोड पाव, जॅम आणि साय वाढली. मी आधी साय लावली. तिचा चेहरा असा झाला, जणू मी वरणभातावर आधी ताक ओतलं. कॉर्नवॉलमध्ये जॅम खाली, साय वर. पलीकडच्या डेव्हनमध्ये उलट. दोन्हीकडच्या लोकांना याबद्दल अजिबात विनोद कळत नाही.

आजोबांनी लॉकच्या दाराला हात लावून पाहिला. लाकूड ओलं होतं, काळं, शेवाळाने गुळगुळीत. "हेच," ते म्हणाले. बोटांनी त्यांनी दोन फळ्यांमधली फट शोधली आणि बराच वेळ बोट तिथेच ठेवलं.

शनिवार: कोरडं बंदर

सकाळी आम्ही मुद्दाम सावकाश आवरलं. न्याहारी दोनदा चहा घेऊन केली. मी छत्री, पाण्याची बाटली, डोळ्यांचे थेंब, दुर्बीण असं सगळं पिशवीत नीट लावलं आणि बाराच्या आधीच आजोबांना लॉकवर नेऊन उभं केलं.

"पाणी कुठवर आलंय?" त्यांनी विचारलं.

"अहो, पाणी नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"म्हणजे वाळू आहे. लांबपर्यंत वाळूच आहे."

खरंच तसं होतं. दाराच्या बाहेर ओली वाळू, तिच्यावर एक कुत्रा पळत होता, आणि समुद्र इतका मागे गेला होता की लाटांचा आवाजही नीट येत नव्हता. माझ्या शेजारी एक पाच वर्षांची मुलगी कठड्याला धरून उभी होती. ती मराठीत म्हणाली, "मम्मा, समुद्र संपली."

"संपली नाही गं, संपला. आणि संपला पण नाही, लो टाइड आहे," तिची आई म्हणाली, मग आमच्याकडे वळून बघितलं आणि चमकलीच. "अरे बापा, तुम्ही मराठी? काकू, तुम्ही काय करून राहिले इथे?"

ही प्राजक्ता. नागपूरची, लंडनच्या दुसऱ्या टोकाला इल्फर्डला राहते, सॉफ्टवेअरमध्ये काम करते. नवरा पार्किंग शोधत गावभर फिरत होता. त्या दिवशी वटपौर्णिमा होती हे मला तिच्याकडून कळलं. तिचा उपास होता आणि डब्यात साबुदाण्याची खिचडी होती. वड काही मिळाला नाही, ती म्हणाली, सो मी याच्या कारला राउंड मारला आणि म्हटलं, अॅडजस्ट करून घे देवा. तिने आम्हालाही खिचडी दिली. आजोबांनी घेतली, पण खाल्ली नाही.

"भरती कधी होती?" त्यांनी तिला विचारलं.

तिने फोन काढून बघितलं. सकाळी सातला भरती होऊन गेली होती. आता पुढची संध्याकाळी.

चंद्र तोच, पौर्णिमा तीच. पण समुद्राचं पाणी प्रत्येक किनाऱ्याला आपल्या वाटेने आणि आपल्या वेळेने पोचतं. दाभोळला पौर्णिमेच्या दुपारी खाडी तुडुंब भरते. ब्यूडला त्याच दुपारी समुद्र सर्वांत लांब जातो. आमचं गणित थोडंफार चुकलं नव्हतं, बरोबर उलटं पडलं होतं.

तेवढ्यात माझं लक्ष कालव्याकडे गेलं. आतल्या दाराच्या पलीकडे, काल जिथे दोन बदकं होती तिथे, एक लाल बोट बांधलेली होती. तिच्या दोऱ्या अजून ओलसर होत्या. बोट सकाळी आली होती. दार उघडलं होतं, समुद्रातून ती आत आली होती, आणि आम्ही तेव्हा शंभर पावलांवर जॅनेटच्या टेबलाशी बसून पहिल्या चहाची वाट बघत होतो.

आजोबांना एवढ्या लांबचं दिसत नव्हतं. मी बोलले नसते तर त्यांना कळलं नसतं. समुद्र खवळला म्हणून बोट आलीच नाही, असंही सांगता आलं असतं, आणि गणिताची लाज निम्मी झाली असती.  पण वाटलं, डोळे कमी झालेल्या माणसाला आपण खोटं दाखवायला लागलो, की त्याने आपल्यावर विसंबायचं कसं? मी सांगितलं.

 प्राजक्ता चुळबुळली, लेकीला घेऊन जरा बाजूला झाली. आजोबांनी खिचडीचा डबा माझ्या हातात दिला.

"दाभोळमध्ये माझ्या बापाने कुणाला विचारलं नाही कधी, की भरती कधी रे," ते म्हणाले. "त्यालाच विचारायचे सगळे." थोड्या वेळाने म्हणाले, "चल, घरी जाऊ. हॅरोला."

मी म्हटलं, सोमवारचं तिकीट आहे. ते म्हणाले, बदल. मी म्हटलं, बदलत नाही.

त्यांना प्राजक्ताजवळ बाकावर बसवलं आणि मी ट्रेसीला शोधायला गेले. चमकदार पिवळ्या जाकिटातली, वाऱ्याने तांबूस झालेल्या चेहऱ्याची बाई. आणखी बोट येणार आहे का? येणार होती. एक निळी बोट वेल्सहून निघाली होती आणि रविवारी संध्याकाळच्या भरतीला आत यायचं म्हणत होती. पण वाऱ्याचा काही नेम नाही, आणि समुद्र आतून उसळत असेल तर दार उघडत नाहीत. लाटेने बोट दगडावर आपटते. या वेळी मी भरती कधी ते विचारलं, आणि उन्हाळ्यात इथे घड्याळं एक तास पुढे करतात, तो तास त्यात धरला आहे का, हेही विचारलं. ट्रेसी हसली. म्हणाली, हा प्रश्न इथे आलेल्यांपैकी फार थोडे विचारतात.

मी परत आले तेव्हा प्राजक्ताची मुलगी आजोबांना तिच्या मते समुद्र कुठे गेला ते सांगत होती. तिच्या भाषेत तो आफ्रिकेला 'गेली' होती.

रविवार: उसळता समुद्र

दिवसभर वेळ होता, म्हणून आम्ही कालव्याकाठच्या पायवाटेने चाललो. पूर्वी इथून घोडे बोटी ओढायचे. आणि त्या बोटींत काय असायचं, तर वाळू. इथल्या आतल्या शेतांची माती आंबट, शिंपल्यांचा चुरा असलेली समुद्राची वाळू टाकली की ती सुधारते. म्हणून किनाऱ्यावरची वाळू गाड्यांत भरून रुळांवरून कालव्यापर्यंत आणायचे. ते रूळ अजून दिसतात. पुढे टेकड्या लागल्या की बोटींना खालून चाकं असायची आणि साखळीने त्या उतारावरून वर ओढायचे. बोटीला चाकं, समुद्राला दार. निषाद, तुला खेळण्यांत गाड्या आणि बोटी वेगळ्या ठेवायला मी सांगत असते, ते मागे घेते.

 मी आजोबांना सगळं वर्णन करून सांगत होते, झाडं, पाणी, पूल. एका पुलावर ते म्हणाले, "आता जरा थांब. समालोचन नको." मी थांबले. मग आम्ही नुसतेच चाललो. त्यांनी माझा दंड धरला होता. वाट अरुंद झाली की ते धरणं घट्ट होई, रुंद झाली की सैल.

संध्याकाळी लॉकवर बरेच लोक जमले. पाणी खरोखर चढलं होतं, दाराच्या फळ्यांना धडका देत होतं. पण दगडी बांधाच्या पलीकडे समुद्राची पाठ उचलली जात होती, शांतपणे, एखाद्या जनावराने श्वास घ्यावा तशी. बाहेर लांब एक डोलकाठी दिसत होती. ती बराच वेळ तिथेच डोलत राहिली. ट्रेसी बांधावर उभी राहून बघत होती. मग तिने हातातल्या वायरलेसवर काहीतरी सांगितलं, आमच्याकडे बघून मान हलवली, आणि डोलकाठी वळून दूर गेली.

"गेली?" आजोबांनी विचारलं.

"गेली. उद्या पुन्हा बघणार आहेत."

"उद्या आपली बस आहे सकाळी."

"होती," मी म्हटलं.

ते चिडले. म्हणाले, हा हट्ट आता तुझा आहे, माझा राहिलेला नाही. बहुधा खरं होतं. मी म्हटलं, मग माझा म्हणून या. वडाला फेऱ्या मी कधीच घातल्या नाहीत, पण त्या दोन दिवसांत बंदरातल्या ट्रेसीच्या कचेरीच्या खोपटाला मात्र बऱ्याच घातल्या.

जॅनेटकडे आमची खोली सोमवारपासून दुसऱ्यांना दिलेली होती. मी तिला सगळं सांगितलं, डोळ्यांचंही. तिने ऐकून घेतलं, हात पुसले आणि तिच्या लेकीची माळ्यावरची खोली उघडून दिली. पलंग अरुंद होता आणि भिंतीवर घोड्यांची चित्रं होती. सोमवारी सकाळी बस गेल्याचा आवाज आम्ही त्या पलंगावर बसून ऐकला.

सोमवार: दार

सोमवारी वारा पडला. दुपारपासून समुद्र ताटासारखा सपाट झाला. मी आजोबांना लवकरच नेऊन कठड्याशी जागा धरली. ट्रेसी येऊन त्यांच्याशी हात मिळवून गेली. तिने आम्हाला दाराच्या अगदी जवळ, दोरीच्या आत उभं केलं. ऊन उतरलं होतं पण उजेड भरपूर होता.

भरती पुरी चढत आली तेव्हा दोन माणसांनी हाताने चाकं फिरवायला घेतली. साखळी कुरकुरली. दाराच्या दोन्ही फळ्या आधी जराशा हलल्या, मधल्या फटीतून पाणी उसळलं, आणि मग त्या इतक्या सावकाश उघडल्या की कधी उघडल्या ते कळलं नाही. समोर समुद्र होता, मोकळा. आणि बांधाला वळसा घालून ती निळी बोट येत होती.

मी आजोबांकडे बघितलं. ते बोटीकडे बघत नव्हते. त्यांचं तोंड उजवीकडे, कड्याच्या बाजूला होतं. तिथे नुसता दगड होता.

 एवढं करून त्यांना दिशाच कळली नाही, असं मला वाटलं. पलीकडे कॅमेरा घेतलेला एक सद्गृहस्थ उभा होता, त्यालाही तेच वाटलं. तो वाकून आजोबांना अदबीने म्हणाला, "सर, बोट तिकडे आहे. डावीकडे." मी त्यांचा खांदा धरून वळवायला हात पुढे केला.

"हात नको लावू," आजोबा मराठीत म्हणाले. मान जराही हलली नाही. "निळी आहे. शीड गुंडाळलेलं आहे. पुढे एक जण दोरी घेऊन उभा आहे, आणि सुकाणूवर बाई आहे."

मी बघितलं. सुकाणूवर टोपी घातलेला पुरुष आहे असं मी धरून चालले होते. बोट दारात आली, टोपीखालून पांढरी वेणी दिसली. बाईच होती.

तेव्हा मला कळलं. त्यांच्या डोळ्यांचा मध्य गेला आहे, कडा शाबूत आहेत. एखाद्या गोष्टीकडे सरळ बघितलं की ती नेमकी गेलेल्या भागात पडते आणि पुसली जाते. जरा बाजूला बघितलं की ती कडेवर येते, आणि दिसते. दृष्टीच्या क्लिनिकमधल्या बाईने त्यांना हे शिकवलं होतं, सराव करायला सांगितला होता. परतताना बसमध्ये ते 'चोरट्यासारखं बघायचं म्हणे' असं कुरकुरले होते, आणि मी समजले होते की विषय तिथेच संपला. संपला नव्हता. ते मला न सांगता सराव करत होते.

बोट हौदात आली. मागे दार लागलं. आतलं पाणी चढत गेलं आणि बोट आमच्या पायांपर्यंत वर आली, इतकी जवळ की त्या बाईने वर बघून गुड ईव्हनिंग म्हटलं. आजोबांनी कड्याकडे बघत टोपी काढली आणि तिला उत्तर दिलं. ती जरा गोंधळली, पण हसली. मग आतलं दार उघडलं, बोट कालव्यात शिरली, बदकं बाजूला झाली. ते सगळा वेळ दुसरीकडे बघत होते आणि त्यांनी सगळं पाहिलं.

जॅनेटकडे परतताना ते काठी हलवत चालत होते. मी विचारलं, "घरीही असंच बघता का?" म्हणाले, "मग? सहा महिने झाले."

सहा महिने मी मनात एक गोष्ट धरून होते, ती तुम्हाला सांगते. जेवताना मी बोलायला लागले की हे भिंतीकडे बघायचे. मला वाटायचं, कंटाळले, किंवा दिसत नाही म्हणून त्यांनी बघायचंच सोडलं. मी बोलणं कमी केलं होतं. आणि ते तर घास हातात धरून, भिंतीच्या आधाराने, मला बघत होते.

आता तुमच्याविषयी. परवा व्हिडिओ कॉलवर निषाद म्हणाला, "आजोबा, मी इकडे आहे, तुम्ही कुठे बघताय?" आणि आजोबा लगेच पडद्याच्या मधोमध बघायला लागले, तुला वाईट वाटू नये म्हणून. त्या क्षणी, निषाद, तू त्यांना दिसेनासा झालास. पुन्हा तसं म्हणू नकोस. ईरा, तूही नाही. ते खिडकीकडे किंवा दिव्याकडे बघत असतील तेव्हा पडलेला दात दाखवा, नवा फ्रॉक दाखवा, तोंडं वेडीवाकडी करा. त्या वेळी ते तुम्हालाच बघत असतात.

तुमची,
आजी